पाकिटातले फूल आणि खोलीतले रोप

(जिल्हा बैठकीत बोरी अरबच्या शेतकऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे. अडाणच्या काठचे गाव, कापूस, सोयाबीन आणि तूर यापलीकडे आमच्या वावरात फारसे काही नाही. असे असताना आज आम्ही फुलावर बोलायला उभे आहोत. मागच्या रांगेतली मंडळी हसताहेत. हसा. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच हसत हसत एका माणसाचे बोलणे ऐकत बसलो होतो, आणि त्या हसण्याची किंमत आमच्यातल्या एका घराने १८,००० रुपये मोजली. एकरभर सोयाबीन पेरून, निंदून, सोंगून, मळणी करून घरात आणायला आमच्याकडे जवळजवळ तेवढाच खर्च येतो. म्हणजे एका एकराचा पूर्ण हंगाम एका पाकिटात गेला.

झाले ते असे. दोन दिवाळ्यांपूर्वी, कार्तिकात, सोयाबीनचे पैसे हातात आले होते आणि कापूस वेचायला सुरुवात झाली होती. गावात एक गाडी आली. तीत एक तरुण, इस्त्रीचे कपडे, बोलायला गोड. कोणाला काका, कोणाला ताई. त्याच्याजवळ रंगीत चित्रांची वही होती. चित्रात पानकोबीएवढे गुलाबी फूल, पाकळीवर पाकळी. नाव म्हणाला पिओनी. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लग्नात याची एकेक काडी विमानाने परदेशातून येते, शेकड्यात विकते, आणि हे फूल तुम्ही घरातल्या खोलीत, बियाण्यापासून पिकवू शकता. पाऊस नको, वावर नको, मजूर नको. ५० बिया, ट्रे, एक दिवा आणि खताची पुडी, सगळे मिळून १८,०००. फूल आम्हीच १२० रुपयांनी परत घेऊ. २६ जानेवारीपर्यंत पैसे भरा, नंतर योजना बंद.

आम्ही सात घरे तयार झालो होतो. सात घरांचे १,२६,००० रुपये होतात. आमच्यातल्या एका भावाने तर त्याच दिवशी पैसे मोजून पेटी घरी नेली. बाकीचे सहा जण चार दिवस थांबू म्हणाले, ते शहाणपणाने नव्हे. कापसाचे चुकारे यायचे होते म्हणून. खिशात पैसे असते तर आम्हीही भरले असते, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

ज्याने पेटी घेतली त्याच्या घरी एक म्हातारी मावशी आहे. तिने पाकीट हातात घेतले, वाटाण्याएवढ्या काळ्या कुळकुळीत बिया ओट्यावर ओतल्या आणि म्हणाली, "अगा, सोयाबीन पेराच्या आंधी शंभर दाने पोत्यात गुंडाळून पायतं ना? मंग इतक्या पैशाचं बी काहून तसंच मातीत घालतं?" तिच्या या एका प्रश्नावर आमचा पुढचा सगळा उद्योग उभा आहे. ५० पैकी १० बिया बाजूला ठेवल्या, ४० तपासायला घेतल्या.

गावचा एक मुलगा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेला आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, हे बी पोत्यात चार दिवसांत उगवणार नाही, याची रीत वेगळी आहे. ती आधी नीट सांगतो, कारण तिच्यातच सगळी मेख आहे.

पिओनी हे थंड मुलखाचे झाड. चीनमध्ये, युरोपात त्याची जुनी लागवड आहे. आपल्या देशातही त्याची एक रानटी जात हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत उगवते. युनानी औषधात ऊद सलीब म्हणून जे मूळ वापरतात ते याच कुळातले. या झाडाच्या बीला दोनदा जागे करावे लागते. आधी दोन-तीन महिने ओलावा आणि साधारण १५ ते २० अंशांची ऊब मिळाली की ते खाली मूळ सोडते. मूळ सोडून पुन्हा गप्प बसते. मग दोन-तीन महिने ४-५ अंशांची थंडी लागते, तेव्हा कुठे वर पान निघते. रानात हे काम हिवाळा करतो, आणि पुष्कळदा पेरल्यानंतर दुसऱ्या वसंतात पान दिसते. त्यानंतर पहिले फूल यायला चार-पाच वर्षे जातात. आणि फूल लागण्याच्या वयाचे झाले तरी दर वर्षी त्याला थंडीची झोप पाहिजे; ती मिळाली नाही तर कळी धरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. आपल्याकडे पौषात पहाटे शेकोटी लागते खरी, पण दुपारी अंगातले स्वेटर काढावेच लागते. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या झाडाला जी झोप पाहिजे ती यवतमाळ जिल्ह्यात फक्त फ्रीजमध्ये मिळते.

आम्ही तरीही ४० बिया लावल्या. म्हटले, मावशीचा शब्द मोडायचा नाही. स्टीलच्या डब्यात ओलसर वाळू घातली, एक दिवस भिजवलेल्या बिया तिच्यात ठेवल्या आणि डबा आतल्या खोलीत फळीवर ठेवला. दर आठवड्याला उघडून पाहायचे. महिना गेला, काही नाही. दुसरा महिना गेला. २६ जानेवारी आली आणि गाडीही आली. आम्ही डबा दाखवला. तो तरुण म्हणाला, "काका, तुमच्या वाळूत दोष आहे. आमच्या पेटीतच लावायला हवे होते." आम्ही विचारले, तुम्ही लावलेले एखादे झाड दाखवा, कोणत्या गावात आहे? तेव्हा तो वही चाळू लागला.

आमच्यातला एक जण म्हणाला, "पण पुण्याला, नागपूरला पोरं बंद खोलीत केशर काढतात, पेपरात येते. मग हे का नाही?" प्रश्न बरोबर होता. शेतकऱ्याने असे विचारलेच पाहिजे. पण केशराचे काम आणि याचे काम एक नाही. केशर बियाण्यापासून लावत नाहीत, त्याचा कंद असतो. काश्मीरहून आणलेला तयार कंद थंड खोलीत ठेवला की काही महिन्यांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, फूल देतो. त्यालाही थंडीचे यंत्र, ओलाव्याचे यंत्र, दिवे आणि विजेचे बिल लागतेच. परवडते की नाही हा ज्याचा त्याचा हिशेब. पण हंगामाच्या शेवटी हाती काय आले ते तरी कळते. पिओनीचे रोप बियाण्यापासून चार-पाच वर्षांनी बोलणार. ४० झाडांना प्रत्येकी दीड-दोन फूट खोल कुंडी पाहिजे. त्या कुंड्या दर हिवाळ्यात दोन-तीन महिने फ्रीजइतक्या थंडीत ठेवायच्या, म्हणजे घरात शीतगृहच बांधायचे. आणि वीज? आमच्या गावात रात्री दिवा किती वेळ राहील हे आम्हालाच आधी कळत नाही, झाडाला कोण सांगणार?

शेवटची गोष्ट त्या मुलाने सांगितली आणि आमचे डोळे उघडले. चित्रातले जे भरगच्च फूल आहे ते बियाण्यापासून तसेच्या तसे येतच नाही. बाजारात नावानिशी विकली जाणारी पिओनी मुळाचे तुकडे करून वाढवतात, प्रत्येक तुकड्यावर तीन ते पाच डोळे ठेवून. जसे आपण कलमी आंब्याची कोय लावून तोच आंबा मिळेल असे धरत नाही, तसेच. म्हणजे पाच वर्षे थांबून, शीतगृह बांधून जे फूल येईल ते चित्रातले असेलच असे नाही. आणि फूल परत घेण्याच्या कागदावर लिहिले होते, 'चित्राप्रमाणे दर्जा असल्यास'.

ते वाक्य आम्ही तिघांनी वाचले होते. तिघांनाही त्यात काही वावगे दिसले नव्हते.

सहा घरांनी पैसे भरले नाहीत. ज्याने भरले होते त्याचे परत मागितले, तेव्हा वरच्या साहेबांशी बोलतो म्हणून तरुण गेला. त्याचा फोन महिनाभर वाजला, मग बंद झाला. तक्रार दिली आहे. उरलेल्या १० बिया पाकिटासकट पुरावा म्हणून ठेवल्या आहेत. पैसे अजून आले नाहीत.

डब्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. माघ महिन्यात ४० पैकी ७ बियांना पांढरे मूळ फुटले. १९ बुरशीने गेल्या. १४ दगडासारख्या तशाच. ती ७ आम्ही एका घरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे ठेवली. त्या घरच्या वहिनींनी तीन महिने तो डबा सहन केला, त्यांचे आभार इथे मानायलाच हवेत. वैशाखात दोन बियांना तांबूस पान आले. एक रोप ओट्यावर चार दिवसांत करपले, दुसरे आतल्या खोलीत मृगापर्यंत टिकले. पान खरे पिओनीचेच होते.

हे लक्षात घ्या, भावांनो. बी खोटे नव्हते. आम्हाला इतके दिवस वाटत होते की फसवणूक म्हणजे खोटे बी. इथे बी खरे होते, चित्र खरे होते, दिल्लीच्या लग्नातला भावही बहुधा खरा असेल. खोटा होता तो मधला हिशेब: किती वर्षे, किती थंडी, कोणते फूल. तो हिशेब सांगायचा टाळला, आणि आम्ही विचारायचा टाळला. सन २०००च्या आगेमागे विदर्भात सफेद मुसळीचे वेड आले होते, ते इथल्या पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. बेणे महाग घेतले, पीक आले, घ्यायला कोणी नव्हते. पुढे इमू आला. २०१२मध्ये तमिळनाडूत तो धंदा बसला आणि आपल्याकडच्या पक्षीपाळांच्याही गळ्यात पक्षी राहिले. २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीचे तेच झाले. मुसळी मुळात वाईट नव्हती, कडकनाथही वाईट नाही. पण प्रत्येक वेळी पैसा मिळाला तो बेणे, पिल्ले विकणाऱ्याला. माल विकून कोणी मोठा झाला नाही. ज्या धंद्यात विकणारा बेण्यावरच कमावतो आणि मालाचा दुसरा गिऱ्हाईक दाखवत नाही, त्या धंद्याकडे आम्ही आता वेगळ्या नजरेने पाहतो.

असो. इथवर रडगाणे झाले. आता जे मिळाले ते सांगतो.

त्या डब्यावर चार-सहा महिने नजर ठेवता ठेवता आम्ही बियाण्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. झोपणारे बी आपल्याकडेही आहे. बाभळीचे बी तसेच टाकले तर वर्षानुवर्षे पडून राहते. पण शेळीने शेंग खाऊन लेंडीतून टाकलेले बी शेळ्यांच्या वाड्यात पहिल्या पावसात उगवते. शेळीच्या पोटात त्याची कडक साल नरम होते. सागाचे फळ रोपवाटिकेत काही दिवस भिजवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात, तेव्हा ते फुटते. भुईमुगात पाहा: पसऱ्या जातीच्या शेंगा काढल्यावर काही काळ झोपतात, म्हणून काढणीला पाऊस लागला तरी तग धरतात, उपट्या जातीला झोप नाही, चार दिवस ओल मिळाली की जमिनीतच कोंब. झोप हा बियाण्याचा रोग नाही, त्याची ती राखण आहे. आणि सोयाबीनला ही राखण अजिबात नाही. त्याची साल पातळ, आतला अंकुर सालीला चिकटून. पोते उंचावरून आपटले तरी उगवण जाते. त्याबद्दल शेवटी बोलतो, कारण खरे काम तेच आहे.

खोली रिकामी झाली होती. पेटीतले ट्रे होते. मावशी म्हणाली, "त्या ट्रेत आपला झेंडू लाव." आम्ही १० गुंठ्यांचा झेंडू दसऱ्यासाठी करायचे ठरवले. इतकी वर्षे झेंडूचे बी आम्ही धुऱ्याजवळच्या वाफ्यात फेकत होतो. जूनच्या अखेरीस एक धोधो पाऊस आला की अर्धे वाहून जायचे, उरलेले मरीने कोलमडायचे. संकरित झेंडूच्या एकेका बीला दोन-तीन रुपये पडतात. असे बी वाफ्यात फेकणे म्हणजे चिल्लर अडाणच्या पुरात टाकणे.

१० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. ६० बाय ४५ सेंटिमीटरवर ३,७५० रोपे बसतात. ९८ खळ्यांचे ४० ट्रे भरले की ३,९२० रोपे. काही ट्रे पेटीतले होते, बाकीचे विकत घेतले. माती वापरली नाही, नारळाच्या काथ्याचा भुसा घेतला, ज्याला कोकोपीट म्हणतात. त्याची वीट पाण्यात फुगवली, एकदा धुऊन खारटपणा काढला, मुठीत दाबली तर थेंब सुटू नये इतकीच ओल ठेवली. एका खळ्यात एक बी, वर पातळसा थर. मग ट्रे एकावर एक रचून, प्लॅस्टिकने झाकून, अंधाऱ्या खोलीत ठेवले. झेंडू फुटायला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. तीन-चार दिवसांत पांढरी मान वर येते. ती दिसली की त्याच दिवशी थप्पी सोडून ट्रे उजेडात पसरायचे.

त्याच दिवशी, यावर आम्ही जोर देतो, कारण इथेच आमची फजिती झाली. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्याच एका घरी साखरपुडा होता. सगळे तिकडे. उद्या पाहू म्हटले. पाचव्या दिवशी प्लॅस्टिक काढले तर वरच्या २० ट्रेंमध्ये बोटभर लांब, पांढरे फटक, दोऱ्यासारखे कोंब आडवे पडलेले. १,९६० रोपे गेली. उन्हात ठेवली तर करपली, सावलीत ठेवली तर उठलीच नाहीत. मावशी काही बोलली नाही; ती बोलली असती तर बरे वाटले असते.

इथे एक गोष्ट शिकलो ती घरात कुठलेही रोप करणाऱ्याला उपयोगी आहे. आपला डोळा फसवतो. खोलीत आपल्याला लख्ख दिसते म्हणून वाटते उजेड पुरेसा आहे. पण भर दुपारच्या उघड्या उन्हाचा उजेड मोजला तर तो एक लाख लक्सच्या घरात असतो, खिडकीजवळ काही हजार राहतो आणि खोलीच्या मधोमध जेमतेम काही शे. माणसाची बाहुली मोठी होऊन भागवते, रोपाला बाहुली नाही. ते उजेड शोधत लांब होते आणि पडते. म्हणून खोली फक्त फुटण्यापुरती. फुटल्यावर पडवीत, हिरव्या जाळीखाली, वर पावसापुरते प्लॅस्टिक. घरातली शेती म्हणून जे विकले जाते त्यातले खरे एवढेच आहे: बी जागे होण्याचे चार दिवस आणि रोप बाळसे धरण्याचे तीन आठवडे आपण त्याला पाऊस, ऊन, किडीपासून झाकू शकतो. पुढचे सगळे वावरातच व्हायचे आहे.

गेलेल्या २० ट्रेंसाठी पुन्हा संकरित बी घ्यायला पैसे नव्हते. मावशीच्या आंगणातल्या गावरान झेंडूची वाळकी फुले खुंटीला टांगलेली होती. ती चुरून बी काढले आणि लावले. दहा दिवसांचा उशीर झाला. पाणी रोज सकाळी, झारीने, संध्याकाळी नाही. रात्रभर पान ओले राहिले की मर येते. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळला होता. वीस-बावीस दिवसांची रोपे झाल्यावर शेवटचे चार दिवस पाणी कमी केले आणि जाळी काढून ऊन दाखवले. मग सरीवर लावली. महिनाभराने शेंडे खुडले. शेंडा खुडताना हात थरथरतो, पण न खुडलेले झाड एक फूल मिरवते आणि खुडलेले फांद्या धरते.

पैशाचे सांगा, असे कोणी मागून म्हणते आहे. सांगतो, पण लपवून नाही. घटस्थापनेपासून संकरित झेंडू सुरू झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यवतमाळला किलोला ७० रुपये मिळाले. दसऱ्याच्या दिवशी दुपारी ३० झाले आणि संध्याकाळी १५ रुपयांनी कोणी हात लावेना. दोन पोती फुले आम्ही गोठ्यापुढे टाकली. गावरान झाडे उशिरा लागलेली, त्यांची फुले लहान. पण ती दिवाळीला सापडली आणि तेव्हा भाव बरा होता. म्हणजे आमच्या फजितीनेच आम्हाला दोन सणांना माल दिला. यंदा आम्ही मुद्दामच दोन पेऱ्यांत लावणार आहोत. सगळा खर्च वजा जाता १० गुंठ्यांत २३,००० रुपये उरले. यात सात घरांची मजुरी धरलेली नाही. ती धरली तर काय उरते ते तुम्हीही जाणता. आम्ही कोणाला झेंडू लावा असे सांगायला आलेलो नाही. जिल्हाभर सगळ्यांनी लावला तर दसऱ्याच्या आदल्या दिवशीच १५ होतील.

ज्या भावाचे १८,००० गेले होते त्याला या २३,०००मधून आधी वाटा काढून दिला. त्यावर घराघरांत बोलणे झाले. चूक त्याची, भरपाई आम्ही का द्यायची? पण त्याच्या पेटीतल्या ४० बिया नसत्या तर बाकीच्या सहा घरांचे १,०८,००० गेले असते. हा हिशेब मांडल्यावर वाद मिटला.

आता सोयाबीनचे. खरीप तोंडावर आहे. २०२०च्या खरिपात काय झाले ते विसरू नका. आदल्या वर्षी, २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काढणीच्या वेळी पाऊस झोडपून गेला. भिजलेल्या मालाचे बी झाले आणि पुढच्या जूनमध्ये महाराष्ट्रभर सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पण कोर्टाने दखल घेतली तरी गेलेली ओल परत येत नाही, आणि दुबार पेरणीचे पैसे सावकाराकडूनच येतात.

म्हणून मावशीची रीत. धान्यातून, पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ घ्या. मिसळा. त्यातून न निवडता १०० दाणे मोजा. चांगले चांगले निवडायचा मोह होतो, तो आवरा; वावरात तिफण निवडत नाही. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करा, दहा दहा दाण्यांच्या दहा रांगा ठेवा, वर दुसरा ओला तुकडा, सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उघडा. ज्याला नीट मूळ आणि कोंब आहे तोच मोजा. फुगलेला, वाकडा, बुरशीचा धरू नका. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलोचे माप बरोबर. ६० आले तर ३५ किलो टाकावे लागेल. त्याखाली आले तर ते बी खायला किंवा विकायला, पेरायला नाही. घरचे बी असो की दुकानातले, दोन्हीला हीच परीक्षा. ७० टक्के हेच सोयाबीनच्या बियाण्याचे सरकारी किमान माप आहे, तेव्हा दुकानाच्या पिशवीकडूनही तेवढे मागण्याचा तुमचा हक्क आहे.

घरचे बी ठेवणाऱ्याला कोणी हटकले तर सांगा, २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे लेबल लावून, ब्रँडेड बी म्हणून विकता येत नाही. पोती फार उंच रचू नका, आपटू नका. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

दुकानातून घ्याल तर पिशवीवर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवण टक्का पाहा. आम्ही घेतलेल्या पिओनीच्या पाकिटावर यातले एकही नव्हते. बाहेरदेशच्या बियाण्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, तोही नव्हता, आणि आम्ही चित्र पाहत बसलो होतो. पक्के बिल घ्या. पिशवी खालून फाडा, म्हणजे लेबल शाबूत राहते. मूठभर बी पिशवीतच ठेवा. उगवले नाही तर वखर फिरवण्याच्या आधी तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वावर मोडल्यावर पंचनामा कशाचा करणार?

बैठकीनंतर दाराजवळच्या टेबलाशी आमच्यातले दोघे बसणार आहेत. गोणपाटाचे धुतलेले तुकडे आणले आहेत. ज्यांनी पोत्यातले दाणे खिशात आणले असतील त्यांनी तिथेच १०० मोजून गुंडाळी करून घरी न्यावी. आणि कोणाच्या गावात रंगीत वही घेऊन गाडी आली असेल, तर त्या कागदाची एक प्रत आम्हाला वाचायला द्या.